एका परिच्छेदात मावलेला शिपाई : नाईक यशवंत घाडगे

(गगनबावडा इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय एका बावीस वर्षांच्या तरुणाचा आहे. नाईक यशवंत घाडगे. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी पलटण. १० जुलै १९४४ या दिवशी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते लढताना पडले. त्यानंतर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्या काळी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांमध्ये शौर्यासाठी याहून मोठं पदक नव्हतं. आज आपल्याकडं परमवीर चक्राला जो मान आहे, तो तेव्हा या पदकाला होता.

आता तुम्ही विचाराल, रायगड जिल्ह्यातला माणूस, इटलीतली लढाई, आणि व्याख्यान गगनबावड्यात कशाला? दोन कारणं आहेत. एक तर मराठा पलटणीची माणसं ज्या मुलखातून गेली तो मुलूख हाच, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा. आणि दुसरं कारण जमिनीचं आहे. ज्या जमिनीवर घाडगे लढले ती समजून घ्यायला तुम्हाला नकाशाची फारशी गरज नाही. तुम्ही रोज करूळ घाट बघता. ते पुरेसं आहे. कसं, ते पुढं सांगतो.

घाडगेंच्या पराक्रमाची अधिकृत नोंद म्हणजे एक परिच्छेद. नोव्हेंबर १९४४ मध्ये तो लंडन गॅझेटमध्ये छापून आला. मोजून सात-आठ वाक्यं. आपण काय करतो, त्या वाक्यांतलं शेवटचं तेवढं उचलतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. आज आपण तो परिच्छेद सावकाश उलगडून बघू. त्यातला एकेक शब्द पायदळाच्या भाषेतला आहे, आणि ती भाषा कळली की पराक्रम म्हणजे नेमकं काय झालं ते कळतं.

माणूस आणि पलटण

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव-आंबेगाव, तालुका माणगाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. माणगाव म्हणजे ताम्हिणी घाटाच्या पायथ्याचा भाग. भातशेती, डोंगर, चार महिने कोसळणारा पाऊस. आपल्यापेक्षा वेगळं काही नाही. घाटाच्या वर राहता की खाली, एवढाच काय तो फरक. घाडगे गेले तेव्हा त्यांचं वय तेवीसही पुरं नव्हतं. लग्न झालेलं होतं.

पलटणीचं नाव जरा फोडून सांगतो, कारण आकड्यांचा घोळ होतो. १९२२ साली हिंदी लष्कराची फेररचना झाली. जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री असं रेजिमेंटचं नाव पडलं आणि तिचं केंद्र बेळगावला आलं. ते आजही तिथंच आहे. एका रेजिमेंटमध्ये अनेक बटालियन असतात. बटालियनला आपण पलटण म्हणतो. घाडगे तिसऱ्या पलटणीत होते, म्हणून कागदोपत्री ते 'तीन-पाच मराठा' असं लिहिलेलं दिसेल.

ही तिसरी पलटण मुरलेली होती. १९४१ च्या मार्चमध्ये आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात तिनं इटालियन फौजेशी झुंज दिली होती. तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर होते डेनिस रीड. हे रीडसाहेब पुढं १९४२ मध्ये वाळवंटातल्या लढाईत शत्रूच्या हाती सापडले. कैदी म्हणून इटलीत ठेवले गेले, तिथून निसटले, आणि १९४४ मध्ये त्याच इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख म्हणून परत उभे राहिले. तीन-पाच मराठा याच डिव्हिजनमध्ये होती. म्हणजे एकेकाळी ज्यानं ही पलटण चालवली, तोच आता सगळ्या डिव्हिजनचा जनरल. पलटणीच्या माणसांना तो ओळखत होता, आणि त्याला डोंगरातली लढाई ठाऊक होती.

इटली कशाला?

१९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीत उतरल्या. मुसोलिनीची सत्ता कोसळली, इटलीच्या सरकारनं तह केला. पण जर्मन फौजांनी देशाचा बाकी भाग ताब्यात घेतला आणि लढाई चालूच राहिली. तिथं हिंदी लष्कराच्या तीन डिव्हिजन लढल्या. चौथी, आठवी आणि दहावी. पन्नास हजारांहून जास्त हिंदी सैनिक. त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. मृत, जखमी, बेपत्ता असे सगळे मिळून आकडा २३,७२२ होतो. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदी लष्करातल्या जवानांचे.

४ जून १९४४ ला रोम पडलं. दोनच दिवसांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीची स्वारी झाली आणि सगळ्या जगाचं लक्ष तिकडं गेलं. वर्तमानपत्रांची पहिली पानं तिकडं गेली. इटलीतली लढाई मात्र तितकीच अवघड राहिली.

का अवघड? जर्मन सैन्य मागं सरकत होतं, पण पळत नव्हतं. उत्तरेकडं डोंगरात त्यांची एक भक्कम तटबंदीची रेषा तयार होत होती, गॉथिक लाइन म्हणायचे तिला. ती पुरी व्हायला वेळ हवा होता. म्हणून दर दहा-बारा मैलांवर एखादा डोंगर धरायचा, समोरच्याला दोन-चार दिवस अडवायचं, त्याची माणसं मारायची आणि रात्रीत उठून पुढच्या डोंगरावर जायचं. असा त्यांचा खेळ. त्यामुळं पुढं सरकणाऱ्या पायदळाला रोज नवा डोंगर आणि रोज नवी चढाई.

टायबरचं खोरं आणि करूळचा घाट

टायबर ही रोमची नदी. तिच्या वरच्या अंगाला, पेरुजा शहराच्या उत्तरेला, खोरं अरुंद होत जातं. तळाला नदी, रस्ता, रेल्वे. दोन्ही बाजूंना डोंगर आणि डोंगरांच्या टोकांवर जुनी तटबंदीची गावं. उंबेर्तिदे नावाचं गाव खोऱ्यात आहे, त्याच्या जरा वर माँतोने नावाचं छोटं गाव टेकडीवर आहे. जुलै १९४४ च्या पहिल्या पंधरवड्यात दहावी डिव्हिजन या भागातून उत्तरेकडं सरकत होती.

आता करूळ घाट डोळ्यांसमोर आणा. वैभववाडीकडून तुम्ही वर येताय. रस्ता एकच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. वरच्या वळणावर कुणी बसला असेल तर खालची चार वळणं त्याला दिसतात. खालच्याला मात्र तो दिसत नाही. गगनगडावर उभं राहिलं की खालचं कोकण उघडं पडतं, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. गड तिथं का बांधला, याचं उत्तर त्या नजरेत आहे. बावडा ही ज्यांची जहागीर, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांवर इतकं विस्तारानं लिहिलंय ते उगाच नाही. उंची ज्याच्या हातात, त्याच्या हातात वाट.

टायबरच्या खोऱ्यात नेमका हाच प्रश्न होता. खालच्या रस्त्यानं रणगाडे, तोफा, रसदीच्या गाड्या न्यायच्या तर दोन्ही बाजूंचे डोंगर आधी आपल्या ताब्यात हवेत. रणगाडा डोंगरावर चढत नाही. तोफ लांबून मारा करते, पण खड्ड्यात दडून बसलेला माणूस तिनं हमखास उठतोच असं नाही. शेवटी कुणीतरी पायी चढून त्या खड्ड्यापर्यंत जायला लागतं. तो जो कुणीतरी, त्याला पायदळ म्हणतात.

सेक्शन म्हणजे काय

परिच्छेदात म्हटलंय की घाडगे एका रायफल सेक्शनचे कमांडर होते. हा शब्द नीट धरून ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

पलटणीत साधारण आठशे माणसं. तिच्या कंपन्या होतात. कंपनीचे प्लाटून होतात. प्लाटूनचे सेक्शन होतात. सेक्शन हा पायदळाचा सगळ्यात लहान तुकडा. कागदावर दहा माणसं, प्रत्यक्ष लढाईत बहुतेक वेळा सात किंवा आठ. त्यांच्यात एक ब्रेनगन, बाकीच्यांकडं रायफली, आणि कमांडरकडं टॉमी गन. कमांडरचा हुद्दा नाईक. दंडावर दोन फिती.

जनरल नकाशावर बाण काढतो. कर्नल डोंगर दाखवतो. पण 'तू त्या बांधाआड जा, तू इथून गोळीबार चालू ठेव, आणि बाकीचे माझ्या मागं' हे सांगणारा माणूस नाईक असतो. तो आपल्या माणसांना नावानं ओळखतो. कुणाला खोकला आहे, कुणाला घरचं पत्र आलेलं नाही, कुणाचा पाय मुरगळलाय, हे त्याला माहीत असतं. एका ताटात जेवणारी माणसं ती. सेक्शन म्हणजे लष्करातलं घर, आणि नाईक म्हणजे त्या घरातला थोरला भाऊ. घाडगे हे थोरलेपण बावीसाव्या वर्षी सांभाळत होते.

ती काही मिनिटं

आता परिच्छेदात काय घडतं ते ओळीनं बघू.

पलटणीच्या एका कंपनीनं शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. घाडगेंचा सेक्शन पुढं सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला.

'जवळून' म्हणजे काय ते समजून घ्या. त्या वेळी जर्मन पायदळाकडं एमजी ४२ नावाची मशीनगन होती. मिनिटाला सुमारे बाराशे गोळ्या. म्हणजे सेकंदाला वीस. वेगवेगळे आवाज ऐकू येत नाहीत, कापड फाडल्यासारखा एकच आवाज येतो. आडोसा नसलेल्या सात-आठ माणसांवर असा मारा जवळून झाला तर काय होणार? तेच झालं. सेक्शनमधली सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली. उभा राहिला तो एकटा कमांडर.

परिच्छेदातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते इथं येतं. त्याचा आशय असा, की आपल्या सोबत यायला आता एकही माणूस उरलेला नाही हे पुरतं माहीत असताना, जराही न थांबता, घाडगे मशीनगनच्या दिशेनं धावले.

आपण पराक्रमाची गोष्ट सांगताना पुढच्या वाक्यांवर उड्या मारतो. मी म्हणतो, इथं थांबा. हल्ल्यात माणूस धावतो तेव्हा त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला माणसं असतात. त्यांच्या भरवशावर तो धावतो. आपण थांबलो तर शेजारचा एकटा पडेल, या विचारानं धावतो. इथं शेजारी कुणी नव्हतं. हुकूम द्यायलाही कुणी नव्हतं आणि हुकूम ऐकायलाही नव्हतं. जमिनीला चिकटून पडून राहिले असते तर त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं.

मग पुढं का गेले? पायदळाच्या हिशोबानं बघा. ती मशीनगन चालू राहिली तर तिच्यासमोर दोन गोष्टी उरतात. एक, जखमी होऊन उघड्यावर पडलेली त्यांचीच माणसं. दोन, कंपनीचे बाकीचे सेक्शन, जे त्याच उतारावर कुठंतरी वर चढतायत. गन बंद पडली तरच ती माणसं वाचणार. आणि ती बंद पाडायला जवळ होता तो एकच माणूस.

आता पुढचं. धावताना त्यांनी आधी हातबॉम्ब टाकला. हातबॉम्बची पिन काढली, खटका सुटला की चार-पाच सेकंदांत तो फुटतो, आणि चांगल्या हाताचा माणूस तो पंचवीस-तीस मीटरपर्यंत फेकतो. म्हणजे तेवढं अंतर त्यांना मशीनगनच्या तोंडावर कापावं लागलं. बॉम्बनं मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गननं त्यांनी तिथल्या आणखी एकाला टिपलं.

इथं टॉमी गनमधल्या गोळ्या संपल्या. नवं मॅगझिन लावायला जेमतेम काही सेकंद लागतात, पण तेवढेही नव्हते. शत्रूची दोन माणसं अजून समोर होती, हाताच्या अंतरावर. घाडगेंनी बंदूक उलटी केली, नळीकडून धरली आणि दस्त्यानं त्या दोघांना मारलं. टॉमी गन भरलेली असली की पाच किलोच्या घरात जाते, आणि नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी तापलेली असते. हे वाचायला सोपं आहे. करायला काय लागत असेल याचा विचार करा. आणि हेही विसरू नका की पलीकडची ती माणसंही कुणाच्या तरी घरची मुलंच होती. ही गोष्ट आपण शौर्य म्हणून सांगतो ते बरोबरच आहे, पण ती गोड करून सांगू नये.

मशीनगनचा मोर्चा हाती आला. एकट्या माणसानं घेतला. आणि त्याच मोर्चात घाडगेंना गोळ्या लागल्या. एक छातीत, एक पाठीत. शत्रूच्या नेमबाजांनी टिपलं. ते तिथंच गेले.

छातीत आणि पाठीत, असं परिच्छेद सांगतो. यावरून त्या ठाण्याची रचना कळते. मोर्चा कधी एकटा नसतो. एका मोर्चावर दुसऱ्याची नजर असते. एक मोर्चा पडला तर बाजूचे मोर्चे तिथं शिरलेल्या माणसाला टिपतात. सोबत सेक्शन असता तर दोघं-तिघं बाजूला तोंड करून बसले असते, कमांडरची पाठ राखली असती. पाठ राखायला कुणी नव्हतं. एकटं जाण्याची ही किंमत असते, आणि लढाईत मुरलेल्या पलटणीतल्या नाईकाला ती माहीत असते. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तेच मान्य करतं : जगण्याची आशा फार थोडी आहे हे ठाऊक असताना दाखवलेलं धैर्य, निर्धार आणि कर्तव्यनिष्ठा.

पदक आणि त्याच्या मागची माणसं

व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला १८५६ मध्ये. हिंदी सैनिकाला तो मिळू शकेल अशी तरतूद व्हायला १९११ साल उजाडलं. पंचावन्न वर्षं आपले शिपाई त्याच फौजांबरोबर लढत होते, पण या पदकाला पात्र नव्हते. दिसायला साधा काशाचा क्रॉस, गडद लाल फीत. घाडगेंचं पदक त्यांच्या पत्नीच्या हाती आलं. नवरा सातासमुद्रापार गेला, आणि परत आलं ते हे.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. दुसरे मानकरी शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले, पहिल्या पलटणीचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. त्यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर घेऊन सुरक्षित जागी आणलं, आणि मग परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. ते जगले, १९८४ पर्यंत. दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवून बघा. दोघांचंही सुरुवातीचं कारण एकच आहे : आपली माणसं उघड्यावर पडलेली आहेत.

म्हणून मला त्या सेक्शनमधल्या बाकीच्या माणसांबद्दल बोलायचंय. 'सेक्शनमधले सगळे मृत किंवा जखमी' एवढ्या चार शब्दांत ती माणसं संपतात. तीही कुठल्यातरी वाडीवरची होती. कोकणातली असतील, सातारची असतील, कोल्हापूर-बेळगावकडची असतील. पदक एकाला मिळतं, कारण पदकाची रीतच तशी आहे. पण घाडगे ज्यांच्यासाठी धावले ती माणसं विसरून घाडगेंची आठवण पुरी होत नाही.

घाडगेंचं नाव इटलीत कॅसिनो इथल्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. ज्यांची स्वतंत्र कबर किंवा समाधी नाही, अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथं दगडावर आहेत. पाटलांच्या शेजारी पंजाबी, गढवाली, कॅनडाचा, इंग्लंडचा.

लढाई कुणाची?

हा प्रश्न टाळून पुढं गेलो तर व्याख्यान अर्धवट राहील. इंग्रजांच्या लढाईत आपला मुलगा मेला, त्यात आपल्याला अभिमान कसला? असं विचारणारी माणसं आहेत आणि प्रश्न खोटा नाही.

१९३९ मध्ये युद्धात उतरताना इंग्रजांनी हिंदुस्थानच्या नेत्यांना विचारलंसुद्धा नाही. १९४२ मध्ये 'छोडो भारत' झालं. आपल्या जिल्ह्यातलंच बघा. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारक चालून गेले आणि सात जण हुतात्मा झाले. पलीकडं सातारा-सांगलीकडं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. म्हणजे एकाच पिढीतली, एकसारख्याच घरांतली मुलं. काही इंग्रजांविरुद्ध उभी, काही इंग्रजांच्या वर्दीत.

आणि वर्दीतली मुलं सक्तीनं नेलेली नव्हती. युद्धाच्या शेवटी हिंदी लष्कर पंचवीस लाखांच्या घरात गेलं होतं, आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. पण 'सक्ती नव्हती' याचा अर्थ सगळं मनासारखं होतं असाही नाही. डोंगरातल्या दोन एकर भातावर सहा तोंडं जगत नाहीत, हे इथं बसलेल्या कुणाला सांगायला नको. पगार, पेन्शन, घराला मान, आधीच्या पिढीतला कुणीतरी पलटणीत गेलेला. माणूस भरती होतो तो अशा सगळ्या कारणांनी.

पण याच प्रश्नाकडं टायबरच्या खोऱ्यातूनही बघायला हवं. माँतोनेहून फार लांब नाही, त्याच डोंगराळ भागात गुब्बिओ नावाचं शहर आहे. २२ जून १९४४ ला, म्हणजे घाडगे पडले त्याच्या अडीच आठवडे आधी, जर्मन सैन्यानं सूड म्हणून तिथल्या चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. साधी गावातली माणसं. त्या खोऱ्यातल्या लोकांसाठी डोंगर चढून येणारा मराठा, गढवाली, गुरखा कुणाच्या राज्याचा नोकर आहे हा प्रश्न नव्हता. तो आला म्हणजे गोळ्या घालणारे गेले, हे त्यांना दिसत होतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तर आपल्या दाराशी घडलेली आहे. त्याच काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे, बाप, भाऊ पोलिश फौजेत होते, आणि ती फौज त्याच १९४४ मध्ये इटलीतच लढत होती. म्हणजे आमची पोरं त्यांच्या माणसांबरोबर इटलीत लढत होती, आणि त्यांची पोरं आमच्या पंचगंगेकाठी वाढत होती. जगाची लढाई आपल्याला वाटते तितकी लांबची कधी नव्हती.

मला वाटतं, गारगोटीचे हुतात्मे आणि टायबरच्या खोऱ्यात पडलेले घाडगे, दोघांनाही एकाच घरात जागा आहे. एकाचा मान ठेवायला दुसऱ्याला खाली बघायला लावायची गरज नाही. साम्राज्याचा हिशोब साम्राज्याकडं मागू या. शिपायाचा हिशोब त्याच्या माणसांशी होता, आणि तो त्यानं चुकता केला.

आठवण कशी ठेवायची

माणगावात तहसील कचेरीजवळ घाडगेंचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीत माँतोने गावानं त्यांच्या नावानं एक स्मारक उभारलं. त्याचं रूप सूर्यघड्याळाचं आहे. त्यावर लॅटिन भाषेत ओळ कोरली आहे, तिचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. लढाईला एकोणऐंशी वर्षं उलटल्यावर, ज्यांच्याशी आपलं भाषेचं, धर्माचं, राज्याचं काही नातं नाही, अशा एका छोट्या गावानं हे केलं. त्याच वर्षी आपल्या संरक्षणमंत्र्यांनीही तिथं जाऊन मानवंदना दिली.

आता आपलं काम. आपल्या भागात अशी घरं आहेत, जिथं ट्रंकेत जुनी पदकं आहेत, डिस्चार्जचा कागद आहे, पेन्शनचं पुस्तक आहे. त्या कागदावर नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची तारीख असते. पावसाळ्यात वाळवी लागते, घर पाडताना ट्रंक भंगारात जाते. तसं होऊ देऊ नका. कागदाचा मोबाइलवर फोटो काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की आजोबा कुठं गेले होते, कुठल्या देशाचं नाव घ्यायचे. दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत आहेत, संकेतस्थळावर शोधता येतात. नावं इंग्रजी स्पेलिंगनं वेडीवाकडी झालेली असतात, म्हणून दोन-तीन प्रकारे शोधा. शाळेतल्या मुलांना हे काम द्या. इतिहासाच्या तासाला याहून चांगला गृहपाठ नाही.

घाडगेंबद्दल निदान एक परिच्छेद लिहिला गेला. बऱ्याच जणांच्या वाट्याला एक ओळही आली नाही. ती ओळ आपण लिहू शकतो.



प्रश्नोत्तरांतून

*घाडगेंची पलटण आज कुठं आहे?*

चांगला प्रश्न. स्वातंत्र्याच्या सुमाराला तिसऱ्या मराठा पलटणीला हवाई छत्रीचं काम मिळालं आणि पुढं ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. टू पॅरा म्हणतात तिला. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशच्या युद्धात टांगाईलला जी पलटण विमानांतून उतरली, ती हीच. म्हणजे केरेन, टायबर, टांगाईल ही एकाच वंशावळीतली नावं आहेत.

*त्यांनी थोडं थांबायला हवं होतं, मदत येईपर्यंत, असं नाही वाटत?*

वाटू शकतं. इथं खुर्चीत बसून मलाही कधी वाटतं. पण मशीनगन सेकंदाला वीस गोळ्या टाकते. दहा सेकंद थांबलं की दोनशे. उतारावर जी जखमी माणसं पडली होती, त्यांच्याकडं दहा सेकंद होते का, हे बघणारा तिथं तो एकटाच होता. निर्णय त्याचा होता, आणि त्यानं तो घेतला.